कॉलेजच्या गांवीं राहणें

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत विद्यापीठाच्या आधारानें वाढलेलीं लहान गांवें पुष्कळ आहेत. मिशिगन संस्थानांतील अ‍ॅन आर्बर हें त्यांपैकींच एक. तेथें १८३७ सालीं डेट्रॉइटहून विद्यापीठ आणण्यांत आलें आणि गांवाचें भाग्य त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें. शहरांतील विद्या आणि खेड्यांतील निवांतपणा एकत्र लाभत असल्यानें अशा गांवीं घर करावें असें तिकडील सुशिक्षितांस वाटतें. रायगडच्या किनाऱ्यावर या सुखाचा कांहींसा अनुभव अलिबागेस येतो.

अलिबाग अर्थात् केवळ कॉलेजमुळें वसलेलें नाहीं. आंग्र्यांचा वारसा, जिल्ह्याची कचेरी, कोर्ट, मासळीबाजार हें सर्व आधींचें. जनता शिक्षण मंडळाचें कॉलेज १९६१ सालीं निघालें. त्यापूर्वीं मॅट्रिक झालेल्या मुलास पुढें शिकावयाचें म्हणजे मुंबई किंवा पुणें गांठावें लागे. खोली, खाणावळ व फी यांचा भार ज्या बापास पेलवे, त्याचाच मुलगा जाई. मुलीची गोष्ट तर बहुधा निघतच नसे. कॉलेज गांवांत आल्यावर थळच्या कोळ्याची आणि नागांवच्या बागायतदाराची मुलगी सकाळच्या गाडीनें येऊन दुपारीं घरीं जेवावयास परतूं लागली. पदवीइतकीच ही दुपारची घरची भाकरी महत्त्वाची होय.

विद्येला हें गांव त्याहूनही आधीं मानवलें होतें. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. पुढें ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें. विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं त्याभोंवतीं चुंबकत्व निर्माण होतें आणि नाजूक सुई ढळते. म्हणून १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. कोंकणच्या काळ्या दगडांतही लोहाचा अंश असतो, तेव्हां दगड पोरबंदरहून आणविला. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि मगच मुंबईचें हें काम थांबविलें. मुंबईची गडबड जिला सोसली नसती, ती सुई येथें स्थिरावली.

माणसांचेंही पुष्कळसें तसेंच आहे. ओहोटी असली कीं गांवासमोरील समुद्रांतल्या किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें. सायंकाळीं त्या वाळूंत प्राध्यापक, वकील, विद्यार्थी आणि जाळें आवरणारा कोळी एकमेकांस भेटतात, आणि ती भेट ओळखीच्या माणसांची असते.

परंतु जी शांतता माणसांस येथें आणते, तिलाच आतां किंमत चढली आहे. २०२० सालीं मुंबईहून मांडव्यास मोटारी वाहून आणणारी रो-रो बोट सुरू झाली. शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठीं नारळी-पोफळीच्या वाड्यांस मागणी आहेच. वाडी विकली कीं भोंवतीं उंच भिंत येते आणि आठवड्याचे पांच दिवस फाटकास कुलूप असतें. पगारावर जगणाऱ्या नव्या अध्यापकास त्या भावानें जागा घेणें अशक्य. तो कुरूळ-वेश्वीकडे दोन खोल्या शोधतो, आणि त्या न मिळाल्या तर पेणहून रोज बसनें येतो.