स्थलांतरित मुलांची यादी आणि शेअर केलेली लिंक



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही तालुक्यात जा, आई-बाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघालेले असतात. शाळेत त्याच वेळी याद्यांचं काम सुरू होतं. जे मूल सोबत जाणार त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं. जे मागे राहणार त्याचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालायचं.

पूर्वी ही यादी कागदावर असायची आणि कागद कपाटात. आता ती गुगल शीटमध्ये असते आणि तिची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर येते: ‘सर्वांनी आजच माहिती भरावी.’ काम पटकन होतं, हे खरंच. पण त्या लिंकला परवानगी कोणती दिली आहे, हे आपण बघतो का?

मागच्या हंगामात आमच्या अशाच एका शीटमध्ये कुणीतरी फक्त नावांचा कॉलम निवडून अकारविल्हे लावला. नावं हलली, मोबाईल नंबर जागेवरच राहिले. एकही ओळ गेली नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. एका मुलीच्या वडिलांना फोन लावला तर दुसऱ्याच गावचे गृहस्थ बोलले, तेव्हा उलगडा झाला. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. लिंक ज्याच्या हाती, त्याला बदल करता येत होते, एवढंच कारण.

परवानग्या समजून घेऊ

गुगल ड्राइव्हमध्ये दोन प्रश्न वेगवेगळे असतात. पहिला: फाईल कोण उघडू शकतो? ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवलं तर ज्यांचे ईमेल आपण घातले तेवढेच. ‘एनीवन विथ द लिंक’ ठेवलं तर लिंक मिळालेला जगातला कोणीही. त्याला लॉगिनसुद्धा करावं लागत नाही. म्हणजे ग्रुपमध्ये ४० जण असले तरी फाईल ४० जणांपुरती राहत नाही. एकाने लिंक पुढे पाठवली की संपलं.

दुसरा प्रश्न: उघडल्यावर काय करू शकतो? ‘व्ह्यूअर’ फक्त वाचतो, ‘कमेंटर’ शेरा लिहितो आणि ‘एडिटर’ बदलतो, पुसतो, शिवाय आपण बंद केलं नसेल तर इतरांनाही आत घेतो. लॉगिन न करता कुणी बदल केला तर त्याचं नावही सापडत नाही.

आता आपल्या यादीत काय असतं ते आठवा. मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा नंबर, ते कुठल्या कारखान्याला गेले, मूल कोणाजवळ राहिलं. म्हणजे कोणत्या घरात आई-बाप नाहीत आणि मुलगी एकट्या आजीजवळ आहे, हे ती यादी सांगते. असा कागद आपण एसटी स्टँडवर चिकटवला असता का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी वेगळी तरतूद आहे.

मग करायचं काय?

१. माहिती गोळा करायला उघडी शीट देऊ नका, गुगल फॉर्म द्या. प्रत्येक शाळा आपली माहिती भरते आणि उत्तरांची शीट फॉर्म बनवणाऱ्याकडे रिस्ट्रिक्टेड राहते. फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश सर्वांना दाखवण्याचा पर्याय बंद आहे ना, तेवढं बघा.

२. शीटच द्यायची असेल तर ईमेल घालून द्या. बदल करणारे दोन-तीनच ठेवा, बाकीचे व्ह्यूअर. शीर्षकाची ओळ आणि जुन्या नोंदी ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ने कुलूपबंद करा.

३. फोल्डर शेअर करताना थांबा. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या फाईलींनाही लागते. शाळेचे फोटो आणि मुलांचे आधार क्रमांक एकाच फोल्डरमध्ये नकोत.

४. हंगाम संपला, मुलं परत आली, की लिंक पुन्हा रिस्ट्रिक्टेड करा. ती कितीही ग्रुपवर फिरलेली असो, बाहेरच्यांना उघडणार नाही. मात्र तीच फाईल पुढच्या वर्षी खुली केली तर जुनी लिंकही पुन्हा चालू होते. म्हणून दरवर्षी नवी फाईल करा. आणि एक लक्षात ठेवा, कुणी आधीच डाउनलोड केलेली प्रत परत घेता येत नाही.

५. गोंधळ झालाच तर घाबरू नका. संगणकावर ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा, आधीची प्रत सापडते. सरळ ‘रिस्टोर’ दाबलं तर नंतर भरलेली बरोबर माहिती शीटवरून जाते, म्हणून आधी त्या जुन्या प्रतीची वेगळी फाईल करून पडताळा. आम्ही तसंच केलं आणि नावं-नंबर जुळवले.

६. बदली होण्याआधी फाईलींची मालकी नव्या सरांकडे किंवा मॅडमकडे सोपवा. वैयक्तिक जीमेलवरची फाईल खातेदाराबरोबर जाते आणि शाळेत फक्त लिंक राहते. मालकी देताना समोरच्याने ती स्वीकारावी लागते, तेव्हा कार्यमुक्त व्हायच्या आधीच हे उरका.

पालकहो, तुम्हीही विचारू शकता: ‘सर, आमच्या लेकराची माहिती कोणकोण बघू शकतं?’ हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे. शाळेकडे त्याचं उत्तर असायला हवं.

शिक्षक मित्रांनो, आज एकच काम करा. मोबाईलवर ड्राइव्ह उघडा, मागच्या वर्षीच्या यादीपुढचे तीन ठिपके दाबा, ‘मॅनेज ॲक्सेस’मध्ये जा. तिथे ‘एनीवन विथ द लिंक’ दिसलं तर आत्ताच बदला. आई-बाप फडात असताना त्यांच्या लेकरांची माहिती सांभाळायची ती आपणच.