तुरा उपटणारे हात

मृग लागायच्या सुमारास सिल्लोड, कन्नड, येवला, जामनेर या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत मक्याच्या पिशव्यांची थप्पी लागते. एकरी सात-आठ किलो बियाणं, औषधाच्या गुलाबी नाहीतर हिरव्या रंगात घोळलेलं. शेतकरी वाणाचं नाव बघतो, मुदत बघतो, भाव करतो. हे दाणे कुणाच्या शेतात पिकले, ते पिशवीवरून त्याला कळत नाही. देशातल्या संकरित मक्याच्या बियाण्याचा मोठा हिस्सा आंध्र आणि तेलंगणात रब्बीत पिकतो, हे संपादकांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग तिकडेच जा. म्हणून जानेवारीत एलुरू जिल्ह्यातल्या एका प्लॉटवर जाऊन उभा राहिलो.

हा भाग का, ते तिथे गेल्यावर समजतं. थंडी बेताची, फुलोऱ्याच्या दिवसांत आभाळ कोरडं, पाणी हाताशी. मार्चपर्यंत कणसं हाती आली की वाळवून, चाळून, तपासून जूनच्या पेरणीला बियाणं पोचतं.

पीक मात्र बघवत नाही. दोन ओळी नर, चार ओळी मादी, पुन्हा दोन नर, अशी सगळी रांग. आणि दोन्ही वाण काटकुळे, बारीक खोडाचे, अरुंद पानांचे. हे मुद्दाम केलेलं असतं. सहा-सात पिढ्या झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकत नेला, की मका खंगत जातो, पण सगळी झाडं एकसारखी होतात. अशा दोन खंगलेल्या वाणांचा संकर केला, की पहिल्याच पिढीत जोम उसळून येतो. जॉर्ज शल याने अमेरिकेत १९०८ साली हे मांडलं. अडचण एवढीच, की खंगलेल्या मादीवर दाणे थोडे भरत आणि बियाणं महाग पडे. दहाएक वर्षांनी कनेटिकटमधल्या डोनाल्ड जोन्सने तोड काढली: चार वाण घेऊन आधी दोन संकर करायचे, मग त्या दोघांचा संकर करायचा. मादी दणकट झाली, बियाणं आवाक्यात आलं. हेन्री वॉलेसने १९२६ मध्ये आयोवात संकरित मक्याची कंपनीच काढली. पुढे तो अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. आपल्याकडे मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७ साली सुरू झाला, आणि १९६१ मध्ये गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आले.

आता मूळ वाणच सुधारलेत, त्यामुळे बाजारात बहुतेक एकेरी, म्हणजे दोनच वाणांचा, संकर असतो. जोम सर्वांत जास्त त्यातच. पण मग बियाणं पुन्हा त्या काटकुळ्या मादीच्याच कणसात भरायचं. पिशवीची किंमत ऐकून आपण नाराज होतो, तिचं एक कारण या चार ओळींत उभं असतं.

मक्याची एक सोय फार मोलाची. गव्हात, भातात नर-मादी एकाच इवल्याशा फुलात असतात. मक्यात नर शेंड्याच्या तुऱ्यात आणि मादी खोडाच्या मध्यावरच्या कणसात. तुरा उपटला, की झाड निव्वळ मादी उरतं आणि शेजारच्या नर ओळींचा पराग वाऱ्यावर येऊन त्याच्या केसरांवर पडतो. कणसाच्या प्रत्येक केसराला एक दाणा. इतक्या मोठ्या धंद्याचा पाया म्हणजे तुरा उपटणं, आणि ते काम आपल्याकडे हातानेच होतं.

ते हात बघण्यातच माझी सकाळ गेली. टोळीच्या मुकादम बाईंना सगळ्याजणी अक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. वय पन्नाशीचं, मक्याच्या पानांनी हात कापतात म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. डाव्या हाताने खोड धरायचं, उजव्या हाताने तुऱ्याला बुडाशी पकडून सरळ वर ओढायचं. नीट ओढला तर टक् असा आवाज येऊन अख्खा तुरा निघतो. तिरपा ओढला तर मोडतो, आणि मागे राहिलेली एखादी फांदीसुद्धा पराग सांडते.

कौशल्य आहे ते वेळ ओळखण्यात. तुरा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, असताना घाई केली, तर वरची एक-दोन पानं सोबत येतात, आणि मुळात अशक्त असलेल्या मादीचं तेवढं अन्न तुटतं. दाणा कमी भरतो. उशीर केला, तर तुरा फुलतो. एका तुऱ्यात लाखो परागकण असतात. एक फुललेला तुरा आजूबाजूच्या कितीतरी कणसांत भेसळ करून जातो. शेतातली सगळी झाडं एका दिवशी तुऱ्यावर येत नाहीत, म्हणून त्याच ओळीतून दहा-पंधरा दिवस रोज फिरावं लागतं. अक्का बऱ्याचदा तुरा दिसायच्या आधीच पोंगा बोटांनी चाचपते आणि आज की उद्या ते ठरवते.

"उंच झाडाचा तुरा कुणीही उपटेल," ती म्हणाली. तिचं बोलणं प्लॉटचा ऑर्गनायझर, म्हणजे बियाणे कंपनी आणि शेतकरी यांच्यातला मध्यस्थ, हिंदीत सांगत होता. "खाली दडलेलं बुटकं झाड चुकतं. तेच सगळं बिघडवतं." नव्या मुलींना ती आधी वाकून चालायला शिकवते. उपटलेले तुरे शेतात टाकायचे नाहीत, कारण तेही पराग सांडत राहतात. भारे बांधून बाहेर न्यायचे, जनावरांपुढे टाकायचे.

बियाणे प्रमाणीकरणाचा नियम कडक आहे. मादी ओळींत शंभरातल्या पाच किंवा जास्त झाडांचे केसर बाहेर आले असतील, तेव्हा पराग सांडणारे तुरे शंभरात एकापेक्षा जास्त चालत नाहीत. अक्काने हा नियम वाचलेला नाही, आणि तिची टोळी त्याच्याही पुढे जाऊन काम करते. आपल्या कृषी विज्ञानाने तिला कधी कुशल कामगार म्हटलेलं मला आढळलं नाही. मला तसं म्हणावंसं वाटतं.

हे हात टाळायचा प्रयत्न एकदा झाला. टेक्सासमध्ये असा मका सापडला, की त्याचा तुरा यायचा पण पराग वांझ. बियाणे कंपन्यांनी तो उचलला. तुरा उपटायची गरजच उरली नाही. १९७० सालापर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के संकरित मक्यात हाच गुण शिरला होता. त्या वर्षी करप्याच्या एका नव्या प्रकाराने देशाचं सुमारे १५ टक्के पीक खाल्लं. नंतर उलगडा झाला, की पराग वांझ करणारं प्रथिनच या बुरशीच्या विषाला पेशीचं दार उघडून देत होतं. सोय आणि रोग एकाच जनुकात. पुढच्या हंगामांत अमेरिकेने पुन्हा तुरे उपटायला माणसं लावली. तिकडे आता यंत्रं बरंचसं काम उरकतात, तरी यंत्राने चुकवलेला तुरा माणूसच शोधतो.

एलुरूच्या शेतकऱ्याची काळजी निराळी आहे. संकरित बीजोत्पादनाच्या प्लॉटपासून दोनशे मीटरपर्यंत दुसरा मका नको. कोंबडीखाद्य होतंच, आता इथेनॉलसाठीही मक्याला मागणी आहे, त्यामुळे शेजारी मका न लावण्याची विनंती करायची तरी कुणाकुणाला? दुसरी चिंता जुळणीची. नर आणि मादी एकाच वेळी फुलावेत म्हणून पेरणीच्या तारखा मागेपुढे ठेवतात. हवा बिघडली की हिशेब चुकतो, आणि केसर वाट पाहत सुकून जातात. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आहेच, ती थेट पोंग्यात शिरते. आणि तुरे यायच्या पंधरवड्यात परिसरातल्या सगळ्या प्लॉटना एकाच वेळी बायका हव्या असतात. मजुरी त्या दिवसांत चढते, ती मिळायलाच हवी; पण भरतो शेतकरी, स्वतःच्या खिशातून, बियाण्याचे पैसे हाती येण्याच्या कित्येक महिने आधी.

पैसे लांबण्याचं कारण शेवटची चाचणी. बियाण्याचा नमुना पेरून, वाढवून, त्यातली वेगळी झाडं मोजतात. प्रमाणित संकरित मक्याला ९५ टक्के जनुकीय शुद्धता लागते. लॉट नापास झाला तर तो बियाणं म्हणून विकता येत नाही. भेसळ नेमकी कुठून आली, टोळीच्या नजरेतून सुटलेल्या तुऱ्याने की शेजारच्या शेतातून, की मूळ बियाण्यातच होती, हे शेतकऱ्याला सिद्ध करता येत नाही. मूळ बियाणं कंपनीचं, तपासणी कंपनीची, निकालही तिचाच.

तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, आदिवासी पट्ट्यात, २०२५ मध्ये मका बीजोत्पादनाचं पीक फसलं आणि भरपाईसाठी शेतकऱ्यांना आंदोलन करावं लागलं. १९६६चा बियाणे कायदा पिशवीतल्या दाण्याची उगवण आणि शुद्धता पाहतो. तो दाणा पिकवणाऱ्याचे पैसे कधी द्यायचे, जोखीम कुणी किती उचलायची, हे त्यात नाही. मी ज्या प्लॉटवर गेलो, तिथल्या शेतकऱ्याला कराराची प्रत मागितली. सही केल्याचं त्याला आठवत होतं; प्रत ऑर्गनायझरकडे असेल म्हणाला. ऑर्गनायझर म्हणाला, ती कंपनीच्या ऑफिसात असते.