चष्मा घालवायचाय? आधी डॉक्टर पारखा

यंत्र कोणत्या कंपनीचं, यापेक्षा तपासणी किती कसून होते ते पाहा. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी साधारण 540 मायक्रॉन असते. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलतात; त्या पापुद्र्याखाली शेवटी किमान 250 मायक्रॉन जाडी शिल्लक राहावी लागते. कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, न काढताच तारीख देणारा डॉक्टर सरळ टाळा. केरॅटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, सुरुवात त्या नकाशातच दिसते आणि तशा डोळ्यावर लॅसिक केलं तर नजर आणखी बिघडू शकते. कॉन्टॅक्ट लेन्समुळे हा नकाशा चुकू शकतो; म्हणून तुम्ही लेन्स वापरता का, हे न विचारताच मशीनसमोर बसवलं, तर तिथेच शंका घ्या. शस्त्रक्रिया आणि नंतरच्या तपासण्या नेमकं कोण करणार? किती जणांना ‘लेसर नको’ म्हणून परत पाठवता, हेही विचारा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागू शकतो, हे आपणहून सांगणारा डॉक्टर भरवशाचा.