आठ बसवल्या, दोन टाकल्या

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका फार्मसी कॉलेजात सकाळी सकाळी एम.फार्म.ची एक विद्यार्थिनी चिकनच्या दुकानातून थेट प्रयोगशाळेत येते. हातातल्या थर्मासमध्ये टिश्यू जिवंत ठेवणारं टायरोड द्रावण आणि त्यात कोंबडीचं ताजं आतडं. या प्रयोगाला पूर्वी गिनी पिग लागायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम कडक झाले आणि पदवीच्या मुलांना तो आता संगणकावरच करून दाखवतात. संशोधनाला मात्र खरी टिश्यू लागते, आणि बारामतीत कोंबड्यांना तोटा नाही.

इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा ती कापते. पिपेटने हलकेच द्रावण सोडून आतला मळ काढते, बाहेर चिकटलेला पडदा कात्रीने सोडवते. मग दोन्ही टोकांना सुईदोरा. टाका कडेलाच घ्यायचा, आतड्याचं तोंड शिवलं जाता कामा नये. चिमट्यात जोरात दाबली की टिश्यू गेलीच. एक टोक द्रावणाने भरलेल्या बाथमधल्या हवेच्या नळीला, दुसरं वर आकसणं मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरला. तापमान 37 अंश, हवेचे बुडबुडे अखंड. नंतर अर्धा तास नुसतं थांबायचं, अधूनमधून द्रावण बदलायचं. "बेसलाइन धरू दे, घाई करू नकोस," सर मागून सांगतात.

बेसलाइन, म्हणजे औषधाआधीची स्थिर रेघ, धरल्यावर अ‍ॅसिटिलकोलीनचा पहिला डोस: 0.1 मिली. संगणकाच्या पडद्यावरची रेघ वर चढते. ठरलेल्या सेकंदांनी वॉश, टिश्यूला विश्रांती, मग 0.2, 0.4, 0.8. प्रत्येक वेळी उंची वाढते आणि एका टप्प्यानंतर डोस दुप्पट करूनही वाढत नाही. आतड्याच्या स्नायूपेशींवर एम-3 नावाचे रिसेप्टर असतात. अ‍ॅसिटिलकोलीन त्यांना चिकटलं की आतल्या बाजूचं जी-प्रोटीन जागं होतं, त्यातून पुढची साखळी सुरू होते, पेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आकसतो. डोळ्यांना दिसते ती फक्त रेघ.

आता बाथमध्ये थोडं अ‍ॅट्रोपिन. मघाचाच डोस, पण रेघ जेमतेम उठते. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं हे औषध रिसेप्टरवर जाऊन बसतं: स्वतः काही करत नाही, दुसऱ्यालाही बसू देत नाही. पण गर्दी फारच झाली की रुमालाला कोण विचारतो? अ‍ॅसिटिलकोलीन पुरेसं वाढवलं की आतडं पुन्हा पहिल्याइतकंच आकसतं. डोस आणि उंचीच्या आलेखाची रेघ तशीच राहते, फक्त उजवीकडे सरकते. किती सरकली, त्यावरून औषधाची रिसेप्टरवरची पकड मोजता येते.

द्राक्ष, डाळिंब आणि उसाच्या या मुलुखात ही रेघ पुस्तकी राहत नाही. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलं किंवा फवारताना अंगात भिनलं, की अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पडतं. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, छाती पाण्याने भरते. मग डॉक्टर छातीतली घरघर थांबेपर्यंत अ‍ॅट्रोपिन देत राहतात. हातापायांच्या स्नायूंची अशक्तता मात्र त्याने जात नाही, कारण तिथले रिसेप्टर वेगळ्या जातीचे.

सहा टिश्यूंची रीडिंग टक्क्यांत बदलली की एक आलेख होतो. तीन-चार आलेखांचा पेपर होतो आणि पेपरांची यादी म्हणजे संशोधकाचं नाव. पीएचडीसाठी शोधनिबंधाची सक्ती यूजीसीने 2022 मध्ये काढली, तरी "पेपर किती?" हा प्रश्न काही सुटलेला नाही. पण पेपराचं मोल आकड्यावर ठरत नाही. औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्टने अ‍ॅड्रेनालिनचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे रिसेप्टर मांडणारा निबंध लिहिला, तो आधी एका नियतकालिकाने नाकारला. 1948 मध्ये दुसरीकडे छापून आल्यावरही बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे त्याच विचारावर जेम्स ब्लॅकने बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रानोलॉल हे औषध घडवलं. रॉबर्ट लेफ्कोविट्झ 1970 च्या आसपास रिसेप्टरच्या मागे लागले. बीटा-2 रिसेप्टरचं जनुक हाती आलं 1986 मध्ये, नोबेल मिळालं 2012 मध्ये, त्यांचे जुने सहकारी ब्रायन कोबिल्का यांच्यासोबत.

सरांची यादी काही लांबलचक नाही. पहिल्या पेपरात एका वनस्पतीच्या अर्काने आतडं सैल पडतं, एवढंच. दुसऱ्यात ते कोणत्या रिसेप्टरमुळे, तिसऱ्यात कॅल्शियम कुठे अडतं. एकाचा प्रश्न पुढच्यात उतरला आहे का, हे पाहिलं की यादी वाचता येते. नुसता आकडा मोजून ते कळत नाही.

दुपारी विद्यार्थिनी रीडिंगची वही पुढे करते. सर विचारतात, "टिश्यू किती बसवल्यास?"

"आठ, सर. दोन टिश्यूंनी बेसलाइन धरली नाही, म्हणून टाकल्या."

"मग पेपरात सहाच लिहून चालणार नाही. आठ बसवल्या, दोन टाकल्या, का टाकल्या, सगळं लिही."