शेवटच्या पावसाळ्यातले जोड

साखर कारखान्याची चिमणी थंड पडली की वेल्डरच्या कामाला उधाण येतं. चंदगड तालुक्यात हलकर्णी, राजगोळी इथल्या कारखान्यांचा गाळप हंगाम उन्हाळ्यात आटोपतो. मग यंत्रं उघडायची, झिजलेलं भरून काढायचं, तुटलेलं जोडायचं. ही कामं पावसाळाभर चालतात, आणि पाऊस म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचा, दिवसच्या दिवस न उघडणारा. अशा पावसाळ्यात निवृत्त होणाऱ्या मिस्त्रींबद्दल मला फार कुतूहल वाटतं. त्यांनी शेवटी जोडलेल्या नळ्यांची पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते. पण बॉयलरचं अग्निप्रदीपन होऊन वाफेचा दाब चढतो, तेव्हा ते घरी असतात.

हातातला रॉड लोखंडाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर वर उचलला की त्या फटीत विजेची ज्योत पेटते. तिचं तापमान ६,००० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा! आणि त्या ज्योतीपासून हातभर अंतरावर एक माणूस काळ्या काचेआड डोळे रोखून शांतपणे बसलेला असतो. रॉडवरचं लेपन जळून वायूचा पडदा तयार होतो, तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. उरलेला मळ वर तरंगून गोठतो आणि छोट्या हातोडीने सोलून निघतो. हे लेपन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांना सुचलं. जहाजांच्या बॉयलरचे जोड नीट दुरुस्त कसे करायचे, या प्रश्नाच्या मागे ते लागले होते. म्हणजे ही कला मुळात बॉयलरपाशीच वयात आली.

आता त्यात चंदगडचा पाऊस मिसळा. रॉडचं लेपन हवेतली ओल शोषून घेतं. ज्योतीत त्या ओलीचं विघटन होतं आणि सुटलेला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद थंड झालं की त्यातला काही आतच अडकतो. जोड दिसायला देखणा, हातोडी मारली तरी खणखणीत. आणि मग कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनी, कुणीही हात न लावता आतून तडा जातो. माझ्या लेखी या साऱ्या शास्त्रातली सर्वांत थरारक गोष्ट हीच. म्हणून महत्त्वाच्या कामाचे रॉड आधी भट्टीत ३००-३५० अंशांना भाजतात आणि कामावर नेतानाही गरम डब्यात ठेवतात. जुने मिस्त्री डब्यातून काढलेला रॉड हातमोज्यातूनच जोखतात. निवलेला असेल तर बाजूला ठेवतात. अशा वेळी घाई करणारा वरिष्ठ समोर असला तरी ते नमत नाहीत, आणि नमू नयेच.

काळ्या काचेतून ज्योतीचा परिसर सोडून काहीच दिसत नाही, त्यामुळे कानही कामाला लागतात. ज्योतीची लांबी बरोबर असली की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चरचराट येतो. रॉड जरा दूर गेला की आवाज फाटतो, फार जवळ गेला की घुसमटतो आणि रॉड चिकटतो. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करून आलेला पोरगा सुरुवातीला प्रकाश बघत राहतो. जुने मिस्त्री, म्हणजे त्याचे ‘मामा’, त्याला वितळलेल्या धातूच्या डबक्याची कड बघायला सांगतात. डबकं दोन्ही कडांना भिजवत पुढे सरकलं, तरच दोन तुकडे एक होतात. नाहीतर वरवर चिकटतात.

बिडाची गोष्ट निराळीच. त्यात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ते ताणाला ठिसूळ. आधी शेगडीवर तापवायचं, निकेलच्या रॉडने इंचभर भरायचं, लगेच हातोडीने हलकं ठोकून ताण मोडायचा, थांबायचं, पुन्हा इंचभर. शेवटी तुकडा राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. पण किती तापवायचं आणि कधी थांबायचं, ते पुष्कळसं हाताला ठाऊक असतं.

पावसाळ्यात मामांच्या शेजारी बसून एवढं सगळं शिकता येतं. एक काम मात्र येत नाही. ऊस पिळणाऱ्या मिलचे रोलर बिडाचे असतात. उसाबरोबर आलेल्या मातीने त्यांचे दात गुळगुळीत होतात, ऊस घसरू लागतो आणि मिल तो ओढेनाशी होते. तेव्हा फिरत्या रोलरवर, रस ठिबकत असताना, चिपाडाच्या भुशात उभं राहून वेल्डर दातांवर क्रोमियमयुक्त कठीण धातूचे थेंब टाकत जातो. पकड परत येते. मिल थांबवायची नाही, रोलर कोरडा होण्याची वाट बघायची नाही. त्याच्या फिरण्याशी हाताचा ठेका जुळवायचा. ऑगस्टमध्ये मिल उघडून पडलेली असते आणि रोलर स्थिर. त्यामुळे मामांची नोकरी पावसाळ्यात संपणार असेल, तर या पोराला त्यांच्या हाताखाली आधीच्याच हंगामात रात्रपाळीला उभं करायला हवं. गव्हाणीत पुढच्या हंगामाची मोळी पडेल, तेव्हा मिलवर तो एकटाच असणार आहे.