टाकी कोणी रिकामी करायची?

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात संडासाची टाकी कुठून आली? पण प्लेटोच्या 'पार्मेनिडीझ' या संवादात हा प्रश्न येऊन गेलेला आहे. केस, चिखल, मळ यांनाही स्वतःचं 'मूळ रूप' असतं का, असं विचारल्यावर तरुण सॉक्रेटिस गडबडतो. वृद्ध पार्मेनिडीझ त्याला समजावतो की तू अजून लहान आहेस, तत्त्वज्ञान अंगात मुरलं की यातलं काहीच तुला तुच्छ वाटणार नाही. एवढा आधार आपल्याला पुरेसा आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. सुट्टीत ती आर.व्ही. भाड्यानं घेतात आणि आई-वडिलांना यलोस्टोन वगैरे दाखवायला नेतात. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. त्यात साधारणपणे तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ग्रे टँक, म्हणजे मोरी आणि बेसिनच्या सांडपाण्याची. तिसरी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची. या घराला गटार जोडलेलं नसतं, त्यामुळे जे निर्माण झालं ते आपल्याच पायाखाली साठतं आणि आपल्यालाच डम्प स्टेशनवर नेऊन रिकामं करावं लागतं.

आता ही टाकी नीट कशी ठेवायची ते बघू. सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे पाणी. टाकी रिकामी केल्यावर लगेच आठ-दहा लिटर पाणी तळाला सोडायचं आणि प्रत्येक वेळी फ्लश करताना हात आखडता घ्यायचा नाही. पाणी वाचवायच्या सवयीनं आपण इथेच चुकतो. पाणी कमी पडलं की मैला तळाला बसतो, वाळतो आणि मग निघता निघत नाही.

कॅम्पग्राउंडवर गटाराची जोडणी मिळाली की अनेक जण ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. वाटतं, येईल तसं वाहून जाईल. होतं काय, तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग मागे राहतो. संडासाच्या बरोबर खाली त्याचा ढीग तयार होतो. म्हणून व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची आणि मग एकदम उघडायची. वरच्या पाण्याच्या वजनानं जोराचा लोंढा येतो आणि तो घाण ओढून नेतो.

रिकामं करतानाही क्रम आहे. आधी ब्लॅक, मग ग्रे. साबणाचं पाणी नंतर आलं की पाइप आतून धुतला जातो. हातमोजे घालायचे. घाणीचा पाइप धुण्याची नळी वेगळी असावी. पिण्याचं पाणी भरायची नळी त्या जागेच्या जवळपासही न्यायची नाही.

संडासात मैला, पाणी आणि लवकर विरघळणारा कागद, एवढंच जाऊ द्यायचं. कागदाची परीक्षा घरीच करता येते. बाटलीत पाणी घ्या, कागदाचा तुकडा टाका आणि हलवा. लगदा झाला तर चालेल. ओले वाइप्स मात्र अजिबात नकोत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

टाकीत बर्फ टाकून गाडी चालवली की भिंती घासून निघतात, असा एक समज आहे. पण बर्फ पाण्यावर तरंगतो, तो तळ कसा घासणार? सांगणाऱ्याच्या अनुभवाचा आदर ठेवूनही 'हे घडतं कसं' हा प्रश्न विचारायला हवा. टाकी रिकामी असूनही सेन्सर 'भरली' असं दाखवतो, तेव्हाही तसंच. सेन्सरला टाकी दिसत नसते. भिंतीवरच्या त्या बिंदूला ओल किंवा चिकटलेला कागद लागला की तो 'भरली' म्हणतो. त्यावर उपाय म्हणजे भरपूर पाण्यानं टाकी पुन्हा धुणं. फॉर्माल्डिहाइड असलेली औषधं टाळावीत. ती जिवाणूंना मारतात, आणि अनेक कॅम्पग्राउंडचं पाणी पुढे सेप्टिक टँकमध्ये जातं, जिथे काम जिवाणूंनीच करायचं असतं.

इथवर तंत्र झालं. आता मूळ मुद्दा.

आपण म्हणतो, 'घाण टाकून दिली.' कुठे टाकली? घरात बटण दाबलं की ती 'दूर' जाते. हे 'दूर' म्हणजे जागा नसते, ते आपलं न बघणं असतं. आर.व्ही. ते न बघणं काढून घेते. तिथे इंजिनिअर असो, डॉक्टर असो, हातमोजे त्यालाच घालावे लागतात. आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही, हे लक्षात घ्या.

हाच माणूस पुण्या-मुंबईच्या आपल्या घरी आला की काय करतो? सेप्टिक टँकसुद्धा टाकीच. गाळ तळाला बसतो, साय वर येते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. दोन-तीन वर्षांनी ती उपसायची असते. आपण ती तुंबेपर्यंत विसरतो आणि मग कुणाला तरी बोलावतो. आतला गाळ कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. बातमीत एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याचं आपण वाचतो ते यामुळे.

2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि 2023 साली ती 30 लाख केली. तरी माणसं उतरतात. कोण उतरतं, हे जात विचारल्याशिवायही आपल्याला माहीत असतं. आप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला मिळावं म्हणून उपोषण केलं, ते याच माहीत असण्याविरुद्ध होतं.

यावर मार्ग नाही असं नाही. वाई नगरपालिकेनं टाकी तुंबायची वाट न बघता, प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांच्या चक्रानं यंत्राच्या गाडीनं उपसायची पद्धत सुरू केली. जमतं, म्हणजे ठरवलं तर जमतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या इमारतीला सेप्टिक टँक आहे की गटाराची जोडणी, ते सेक्रेटरींना विचारा. टँक असेल तर शेवटची कधी उपसली आणि ती गाडीनं उपसली की माणसानं, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आपणच घालू या.