संदिग्ध द्रव्ये आणि संदिग्ध ई-पत्रे

द्रव्याची ओळख नावावरून नव्हे, तर रूप, रस, गंध व स्पर्श पाहून पटवावी, हे आपणां सर्वांस विद्यार्थिदशेतच शिकविले जाते. अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल बाजारात येते, हे ठाऊक असल्यामुळे कोणताही जाणता औषधनिर्माता गोणीवरील चिठ्ठीवर विसंबत नाही. ई-पत्राच्या बाबतीत मात्र हीच मंडळी केवळ चिठ्ठी वाचून व्यवहार करतात, असे आम्हांस वारंवार दिसते.

ई-पत्राची मूळ नियमावली १९८२ साली ठरली. पाठविणारा खरोखर तोच आहे काय, हे पडताळण्याची सोय तीत नव्हती. पुढे अनेक तपासण्या जोडल्या गेल्या. तरीही दर्शनी नाव आजही कोणालाही हवे ते घालता येते. जाहिरातींची अनाहूत पत्रे हा नुसता उपद्रव होय. खरा धोका तोतया पत्रांचा आहे.

जुलै २०१६ मध्ये मुंबईस मुख्यालय असलेल्या युनियन बँकेत रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखे भासणारे एक पत्र आले. त्यासोबतचे जोडपत्र उघडताच घातक प्रणाली संगणकात शिरली व सुमारे १७ कोटी १० लाख डॉलर परदेशी वळविण्याचा प्रयत्न झाला. ताळमेळात तफावत वेळीच लक्षात आली, म्हणून रक्कम वाचली. रोजचा ताळमेळ पाहणारा माणूस आपल्या किती औषधालयांत आहे?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद हाती घेऊन पारखता येते. केशर, शिलाजित, गुग्गुळ यांसाठी मात्र दूरच्या व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. अशा व्यापाऱ्याच्या नावाने, पत्त्यात एखादेच अक्षर बदलून, "आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी" असे पत्र येते. कधी तर व्यापाऱ्याचीच पेटी चोरट्याच्या हाती गेलेली असते आणि पत्ता अचूक असतो! म्हणून खातेबदलाची खातरजमा पूर्वीपासून आपल्याकडे असलेल्या दूरध्वनी क्रमांकावरच करावी. पत्रातील क्रमांकावर कदापि नव्हे.

नोंदणी नूतनीकरण, परवाना, कर यांविषयीच्या पत्रातील दुव्यावर टिचकी न मारता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकावा. अनोळखी जोडपत्र उघडू नये. अनोळखी जाहिरातीस "पाठवू नका" असेही उत्तर देऊ नये, कारण पेटी वापरात असल्याचे त्यावरून कळते. परवलीचा शब्द प्रत्येक ठिकाणी निराळा असावा व द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी. रुग्णनोंदींची प्रत संगणकापासून विलग ठेवणे तर आम्ही अपरिहार्य मानतो. चिकित्सालयातील संगणक बहुधा मदतनीस हाताळतो. त्यालाही हे सांगावयास हवे.

एवढे करूनही रक्कम गेलीच, तर लाजेखातर दिवस दवडू नये. आपल्या बँकेस व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे, आणि ते पत्र पुसून न टाकता पोलिसांसाठी जपून ठेवावे.